घरचे उत्पन्न आणि मुलाचे गुण: संबंध किती खरा, आणि कोणती मदत कोणत्या इयत्तेत घ्यायची?

पंडरी आणि आसपासच्या पालकांसाठी, सोप्या भाषेत

थोडक्यात

- कमी उत्पन्नाच्या घरातील मुलांचे गुण सरासरीने कमी असतात, हे खरे आहे. पण ही सरासरी आहे. तुमच्या मुलाचे गुण त्यावरून ठरत नाहीत.
- पैसा थेट गुण देत नाही. तो जेवण, वेळ, शांत जागा, ट्यूशन आणि नियमित हजेरी या वाटांनी गुणांपर्यंत पोहोचतो. यातील काही वाटा सरकारी योजनांमुळे मोकळ्या होतात.
- अंतर तिसरीच्या आधीच पडू लागते. शिष्यवृत्तीचे पैसे मात्र बहुतेक नववीपासून मिळतात. मधली वर्षे तुम्हालाच सांभाळावी लागतात.
- आठवीतील एका परीक्षेमुळे नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये मिळू शकतात. ही संधी सरकारी आणि अनुदानित शाळेतील मुलांसाठीच आहे. शाळा बदलण्याआधी हे लक्षात घ्या.

हा विषय आता का?

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 80 व्या फेरीत 2025 मध्ये शिक्षणावरील घरखर्चाची पाहणी झाली. सरकारी शाळेतील एका मुलामागे कुटुंबाचा वर्षाचा सरासरी खर्च 2,863 रुपये निघाला. सरकारी नसलेल्या शाळांमध्ये तो 25,002 रुपये होता. म्हणजे जवळजवळ नऊपट.

याच पाहणीत देशातील 27 टक्के विद्यार्थी खासगी ट्यूशन घेतात असे आढळले. शहरात हे प्रमाण 30.7 टक्के आहे. शहरी कुटुंब ट्यूशनवर प्रति विद्यार्थी सरासरी 3,988 रुपये खर्च करते, ग्रामीण कुटुंब 1,793 रुपये. अकरावी-बारावीत शहरातील हाच आकडा 9,950 रुपयांपर्यंत जातो.

पंडरीच्या कापड बाजारात गठ्ठे उचलणारे, दुकानात थान दाखवणारे, घरी बसून पिको-फॉल करणारे किंवा ई-रिक्षा चालवणारे पालक हे आकडे वाचून विचारतील, "ज्याच्याकडे पैसे आहेत त्याचाच मुलगा पुढे जाणार का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर नुसते 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

संबंध खरा आहे, पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या

घरची परिस्थिती आणि शाळेतील प्रगती यांचा संबंध जगभर तपासला गेला आहे. 1966 मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे 6 लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. मुलांच्या गुणांमधील फरक शाळेच्या इमारतीपेक्षा किंवा खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे, असे त्यात दिसले. त्यावरून बऱ्याच जणांनी शाळा काहीच करू शकत नाही असा निष्कर्ष काढला.

तो निष्कर्ष घाईचा होता. 1983 मध्ये हेनेमन आणि लॉक्सली या अभ्यासकांनी अनेक देशांची तुलना केली. ज्या देशांत उत्पन्न कमी आहे तिथे घरापेक्षा शाळेचा आणि शिक्षकांचा वाटा मोठा असतो, असे त्यांना आढळले. कारण समजायला सोपे आहे. घरात पुस्तके नाहीत आणि शिकवणारे कोणी नाही, अशा मुलाला शिकण्याची जागा बहुधा एकच असते. ती म्हणजे शाळा. म्हणून गरीब घरातील मुलाची शाळा बुडाली, तर त्याचे नुकसान श्रीमंत घरातील मुलापेक्षा जास्त होते.

दुसरी गोष्ट, 'सरासरी' म्हणजे काय? समजा एका वर्गात चांगल्या उत्पन्नाच्या घरातील मुलांना सरासरी 65 टक्के मिळाले आणि कमी उत्पन्नाच्या घरातील मुलांना 52 टक्के. तरीही दुसऱ्या गटात 80 टक्के मिळवणारी मुले असतात आणि पहिल्या गटात 40 टक्के मिळवणारी. उत्पन्नावरून एखाद्या मुलाचे भविष्य सांगता येत नाही. त्यावरून कोणत्या मुलाच्या वाटेत अडचणी जास्त आहेत एवढे मात्र कळते.

पैसा गुणांपर्यंत कसा पोहोचतो?

*1. पोट.* उपाशी मूल लक्ष देऊ शकत नाही. भारतातील मध्यान्ह भोजनावर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांची तुलना केली गेली. प्राथमिक शाळेत पाच वर्षांपर्यंत जेवण मिळालेल्या मुलांचे वाचनाचे गुण, एक वर्षाहून कमी काळ जेवण मिळालेल्या मुलांपेक्षा 18 टक्क्यांनी जास्त होते. गणितात हा फरक 9 टक्के होता. आज ही योजना 'पीएम पोषण' नावाने बालवाटिकेपासून आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत चालते.

*2. वेळ.* सणासुदीला आणि लग्नसराईत बाजारात काम वाढते. मोठ्या मुलाला दुकानावर बोलावले जाते आणि मोठ्या मुलीकडे धाकट्यांना सोपवले जाते. महिन्यात पाच-सहा दिवस शाळा बुडते. एखाद्या दिवशी गणितातला अपूर्णांक बुडाला की पुढचा आठवडा काहीच समजत नाही. घरात हे कोणी मोजत नाही. निकालात मात्र ते दिसते.

*3. जागा.* एका खोलीत पाच माणसे, टीव्ही चालू आणि कोपऱ्यात शिलाई मशीन. अभ्यासाला शांत जागा नसणे ही आळशीपणाची गोष्ट नाही, घराच्या आकाराची गोष्ट आहे.

*4. चिंता.* तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांवरील एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. कापणीआधी, म्हणजे हातात पैसे नसताना, तेच शेतकरी विचारशक्तीच्या चाचणीत कमी पडले. कापणीनंतर पैसे आल्यावर त्यांची कामगिरी सुधारली. माणसे तीच होती, फक्त चिंता कमी झाली होती. भाडे थकलेल्या घरातील आई-बाप मुलाच्या वहीकडे लक्ष देऊ शकत नाहीत, त्यामागेही हेच असते.

*5. भाषा.* रायपूरमधील अनेक घरांत मराठी बोलली जाते, शाळेत हिंदी चालते आणि पालकांना इंग्रजी माध्यम हवे असते. घरात कोणीच मदत करू शकत नाही अशा भाषेत मूल शिकते, तेव्हा ट्यूशनचा खर्च वाढतो. ज्यांना तो परवडत नाही त्यांची मुले मागे पडतात.

या पाचपैकी पोट आणि शाळेचा खर्च यांवर सरकारी योजनांचा थेट उपाय आहे. वेळ आणि जागा यांवर घरात काही करता येते. म्हणून 'पैसे नाहीत, काय करणार' असे म्हणण्याआधी आपली अडचण नेमकी कोणती आहे ते ओळखा.

खासगी शाळेचे निकाल चांगले दिसतात, ते शाळेमुळे की घरामुळे?

पालक सर्वांत जास्त पैसे ज्या निर्णयावर खर्च करतात, तो हा. आंध्र प्रदेशात पाच जिल्ह्यांतील 180 गावांत याची तपासणी झाली. अर्ज केलेल्या कुटुंबांमधून चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेची फी देण्यात आली. 2015 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार वर्षांनंतर चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांच्या तेलुगू आणि गणितातील गुणांत फरक नव्हता. हिंदीत मात्र खासगी शाळेतील मुले पुढे होती, कारण तिथे हिंदीला जास्त तास दिले जात.

याचा अर्थ सगळ्या खासगी शाळा वाईट असा होत नाही. खासगी शाळेच्या निकालातील मोठा भाग तिथे येणाऱ्या मुलांच्या घरच्या परिस्थितीचा असतो, असा त्याचा अर्थ आहे. त्यामुळे गल्लीतील कमी फीच्या शाळेत मूल टाकले की गुण आपोआप वाढतील, असे गृहीत धरू नका. फीसाठी कर्ज काढणार असाल तर नक्कीच नाही.

आता याचा दुसरा भाग पाहू, जो बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही.

आठवीची परीक्षा: राष्ट्रीय साधन-सह-गुणवत्ता शिष्यवृत्ती

ही योजना केंद्र सरकारने 2008 मध्ये सुरू केली. आठवीनंतर पैशाअभावी शाळा सुटू नये, हा तिचा हेतू आहे. देशभरात दरवर्षी 1 लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात आणि प्रत्येक राज्याचा कोटा ठरलेला असतो.

- किती मिळते: वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी. चार वर्षांचे एकूण 48,000 रुपये.
- उत्पन्नाची मर्यादा: आई-वडिलांचे मिळून वर्षाला 3,50,000 रुपयांपर्यंत.
- कोण बसू शकते: सरकारी, अनुदानित किंवा स्थानिक संस्थेच्या शाळेत नियमित आठवीत शिकणारे मूल. सातवीत किमान 55 टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्क्यांची सूट आहे.
- कोण बसू शकत नाही: खासगी शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि राज्य सरकारच्या निवासी शाळांतील मुले.
- परीक्षा: दोन पेपर, प्रत्येकी 90 प्रश्न. एक बुद्धिमत्तेचा आणि दुसरा सातवी-आठवीच्या विषयांचा. पात्र होण्यासाठी 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 32 टक्के.
- पुढे चालू राहण्यासाठी: नववीतून आणि अकरावीतून पहिल्याच प्रयत्नात पास होणे आणि दहावीत 60 टक्के. अनुसूचित जाती-जमातींसाठी 55 टक्के.

जातीची अट नाही. उत्पन्न आणि गुण या दोनच गोष्टी पाहिल्या जातात.

*एक हिशेब करून पाहू.* समजा वडील कापड दुकानात महिना 12,000 रुपयांवर काम करतात. आई घरी शिवणकाम करून महिना 5,000 रुपये मिळवते. वर्षाचे झाले 1,44,000 आणि 60,000, मिळून 2,04,000 रुपये. हे कुटुंब मर्यादेत बसते. मुलगी सरकारी शाळेत सहावीत आहे. शेजारी म्हणतात, "सरकारी शाळेत काय ठेवलंय, प्रायव्हेटमध्ये घाला." आई-वडिलांनी ऐकले आणि तिला कमी फीच्या खासगी शाळेत घातले, तर फी सुरू होते, शाळेतील जेवण बंद होते आणि आठवीत या परीक्षेला बसण्याचा हक्कही जातो. शाळा बदलायची की नाही हा निर्णय तुमचाच आहे. पण हा सगळा हिशेब समोर ठेवून तो घ्या.

परीक्षा पास होणे म्हणजे शिष्यवृत्ती मिळालीच असे नाही. गुणवत्ता यादी कोट्यानुसार लागते. यादीत नाव आल्यावर नववीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर वेगळा अर्ज करावा लागतो. तो राहिला तर निवड होऊनही पैसे येत नाहीत. दरवर्षी नूतनीकरणही करावे लागते.

खासगी शाळेत मोफत शिकायचे असेल तर: शिक्षण हक्क कायदा

शिक्षण हक्क कायदा 2009 चा आहे आणि 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या कलम 12 नुसार विनाअनुदानित खासगी शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या असतात. फी सरकार शाळेला देते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे कलम वैध ठरवले. 2014 च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना ते लागू नाही.

महाराष्ट्रात 2024 मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना यातून सूट देण्याचा नियम आला होता. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलै 2024 मध्ये रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. म्हणजे 25 टक्के जागा ही शाळेची मेहरबानी नाही, तो मुलाचा हक्क आहे.

छत्तीसगडमध्ये या कायद्याखाली प्रवेश मिळालेल्या मुलांना आठवीनंतर बारावीपर्यंत मोफत शिक्षण सुरू ठेवण्याचा निर्णय 2019 मध्ये झाला. कायद्याची हमी आठवीपर्यंत आहे, त्यामुळे इथल्या पालकांसाठी हा मोठा फायदा आहे.

तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गात मिळतो. चौथी-पाचवीत अर्ज करता येत नाही. अर्ज कोणत्या वर्गासाठी उघडले आहेत ते त्या वर्षीच्या शिक्षण विभागाच्या सूचनेत पाहा.
- अर्ज ऑनलाइन असतो आणि अर्ज जास्त असल्यास लॉटरी निघते. घराजवळच्या शाळांना प्राधान्य असते, म्हणून पत्त्याचा पुरावा बरोबर हवा.
- फी माफ असली तरी सहल, गॅदरिंग, ऑटो आणि जास्तीची पुस्तके असे खर्च निघतात. त्यांची तजवीज आधीच करा. याच कारणांनी काही मुले मध्येच शाळा सोडतात.

दिल्लीत अशा शाळांचा अभ्यास झाला आहे. गरीब मुलांसोबत शिकणाऱ्या श्रीमंत मुलांच्या गुणांवर फारसा परिणाम झाला नाही. उलट ती जास्त उदार झाली आणि भेदभाव कमी करू लागली. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे 'तुमच्या मुलांमुळे वर्ग मागे पडतो' असे कोणी म्हटले तर मान खाली घालण्याचे कारण नाही.

आणखी कोणती मदत आहे?

*स्वामी आत्मानंद शाळा.* छत्तीसगड सरकारने 2020 मध्ये या सरकारी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. रायपूरमधील सुरुवातीच्या शाळांपैकी फाफाडीहची शहीद स्मारक शाळा आणि राजातालाबची बी. पी. पुजारी शाळा पंडरीपासून फार लांब नाहीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर लॉटरी होते. इंग्रजी माध्यम हवे पण फी परवडत नाही, अशा घरांनी हा पर्याय आधी पाहावा.

*नववी-दहावीची शिष्यवृत्ती.* अनुसूचित जातीच्या, 2,50,000 रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातील नववी-दहावीच्या मुलांना केंद्राच्या प्री-मॅट्रिक योजनेत घरून शाळेत जाणाऱ्यांसाठी वर्षाला 3,500 रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी 7,000 रुपये मिळतात. इतर मागासवर्ग आणि जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. साधारणपणे केंद्राच्या दोन शिष्यवृत्त्या एका वेळी घेता येत नाहीत, म्हणून रक्कम पाहून निवडा.

*सरस्वती सायकल योजना.* सरकारी शाळेत नववीत प्रवेश घेणाऱ्या अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलींना मोफत सायकल मिळते. बिहारमधील अशाच योजनेवर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले.

*कामगार मंडळे.* बांधकामावर काम करणाऱ्यांची नोंदणी असेल तर त्यांच्या मुलांसाठी नौनिहाल छात्रवृत्ती आणि नोनी-बाबू मेधावी शिक्षा सहायता या योजना आहेत. हमाल, शिलाई काम करणाऱ्या महिला आणि घरकामगार यांच्यासाठी असंघटित कर्मकार मंडळ आहे. आधी नोंदणी, मग लाभ, असा क्रम असतो. नोंदणी नसेल तर आजच चॉइस सेंटरवर किंवा श्रम विभागात विचारा.

*महतारी वंदन.* मार्च 2024 पासून पात्र विवाहित महिलांच्या खात्यात महिना 1,000 रुपये जमा होतात. वर्षाचे 12,000 रुपये, म्हणजे आठवीच्या परीक्षेतून मिळणाऱ्या शिष्यवृत्तीएवढेच. घरात हातात येणारा पैसा वाढला तर मुलांचे गुण सुधारतात का, हे अमेरिकेत तपासले गेले आहे. 2012 च्या एका अभ्यासात गरीब कुटुंबांचे उत्पन्न करसवलतीमुळे वाढले तेव्हा मुलांच्या वाचन आणि गणिताच्या गुणांत थोडी पण स्पष्ट वाढ दिसली. महतारी वंदनचे पैसे कसे खर्च करायचे हे त्या महिलेनेच ठरवायचे आहे. पण त्यातील थोडा भाग जूनच्या वह्या-पुस्तकांसाठी बाजूला ठेवला तर शाळा उघडताना उधारी करावी लागत नाही.

योजना कुठे कमी पडतात?

ही पोर्टलची जाहिरात नाही, म्हणून उणीवही सांगितली पाहिजे.

पहिली उणीव वेळेची. 2024 च्या असर पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतील तिसरीच्या फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीचा धडा वाचता आला. 2022 मध्ये हे प्रमाण 16.3 टक्के होते, म्हणजे सुधारणा झाली. तरी चारपैकी तीन मुले मागेच आहेत. ही पाहणी शहरात होत नाही, पण वाचायला उशिरा शिकण्याची अडचण शहरातील वस्त्यांतही दिसते. तिसरीत वाचता न येणारे मूल पाचवीत भूगोल कसा वाचणार? आणि सातवीत 55 टक्के कसे आणणार? म्हणजे आठवीच्या शिष्यवृत्तीचा खरा दरवाजा तिसरीतच उघडतो किंवा बंद होतो. त्या वयात घरात थेट पैसे देणारी मोठी शिष्यवृत्ती नाही.

दुसरी उणीव आठवीनंतरची. शाळेतील जेवण आठवीला संपते. त्याच वेळी खर्च वाढतो आणि मूल कामाला लावण्याएवढे मोठे झालेले असते. 2024-25 च्या सरकारी यू-डायस आकडेवारीत माध्यमिक स्तरावर शाळा सोडणाऱ्यांचे प्रमाण 8.2 टक्के आहे, तर तिसरी ते पाचवीच्या टप्प्यावर ते 2.3 टक्के आहे. शिष्यवृत्ती काहींनाच मिळते. बाकीच्यांसाठी ही दोन वर्षे सर्वांत धोक्याची असतात.

तिसरी उणीव कागदांची. ज्याला मदतीची गरज जास्त, त्याच्याकडेच कागद कमी. भाड्याच्या घराचा पत्ता बदलतो, आधारवर नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे. एवढ्यावरून अर्ज परत येतो.

इयत्तेप्रमाणे तुम्ही काय करायचे?

बालवाडी ते तिसरी: मुलाला वाचता येते का, ते स्वतः तपासा. तुम्हाला वाचता येत नसेल तर मोठ्या भावंडाला सांगा. दुसरीचा धडा तिसरीच्या अखेरीस अडखळत का होईना वाचता आला पाहिजे. येत नसेल तर शिक्षकांना भेटा आणि 'निपुण भारत' अभियानाचे नाव घेऊन विचारा. तिसरीपर्यंत वाचन आणि गणिताचा पाया पक्का करणे हेच त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबई आणि वडोदऱ्यातील शाळांत मागे पडलेल्या मुलांना वस्तीतील शिकलेल्या तरुणींनी रोज दोन तास वेगळे शिकवले, तेव्हा त्यांची प्रगती स्पष्ट दिसली. महागड्या ट्यूशनपेक्षा मुलाच्या पातळीपासून शिकवणारी शेजारची ताई जास्त उपयोगी ठरू शकते.

चौथी ते सातवी: हजेरी सांभाळा. सणाच्या गर्दीतही मुलाला शाळेच्या वेळेत दुकानावर बोलावू नका. रोज संध्याकाळी एक तास घरातील टीव्ही बंद ठेवा. याला पैसे लागत नाहीत. छत्तीसगडमध्ये 2024-25 पासून पाचवी आणि आठवीची केंद्रीकृत परीक्षा पुन्हा सुरू झाली आहे, म्हणून आता 'वरच्या वर्गात ढकलतीलच' असे समजू नका.

आठवी: शाळा उघडताच मुख्याध्यापकांना शिष्यवृत्ती परीक्षेच्या फॉर्मबद्दल विचारा. सूचना फलकावर लागण्याची वाट पाहू नका. जुन्या प्रश्नपत्रिका मागा. बुद्धिमत्तेच्या पेपरला सराव लागतो, ट्यूशन लागतेच असे नाही.

नववी-दहावी: बँक खाते मुलाच्या नावाने आणि आधारशी जोडलेले ठेवा. अर्ज केल्यावर शाळेने त्याची ऑनलाइन पडताळणी केली का, ते विचारा. बरेच अर्ज इथेच अडकतात.

लागणारे कागद: मुलाचे आणि पालकांचे आधार, राशन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचा दाखला (लागू असल्यास), मागील वर्षाची गुणपत्रिका, बँक पासबुक. इथल्या कार्यालयात उत्पन्नाच्या दाखल्याला 'आय प्रमाण पत्र' आणि रहिवासी दाखल्याला 'निवास प्रमाण पत्र' म्हणतात. तीच नावे सांगा, म्हणजे गोंधळ होणार नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*आम्ही महाराष्ट्रातून आलो. जातीचा दाखला तिथला आहे. इथे चालेल का?*
अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या प्रत्येक राज्याच्या वेगळ्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 1990 च्या निकालानुसार एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्यावर जातीचा लाभ आपोआप सोबत येत नाही. म्हणून जातीवर आधारित योजनेसाठी आधी तहसील कार्यालयात चौकशी करा. उत्पन्नावर आधारित योजनांसाठी हा प्रश्न येत नाही.

*एजंट म्हणतो, उत्पन्न कमी दाखवून देतो. करावे का?*
नाही. खोटा दाखला उघड झाला तर शिष्यवृत्ती बंद होते, पैसे परत करावे लागतात आणि मुलाचे नाव खराब होते. बहुतेक कष्टकरी कुटुंबे खऱ्या उत्पन्नावरही मर्यादेत बसतात. वर केला तसा हिशेब आधी करा.

*घरी मराठी बोलल्याने मूल हिंदीत मागे पडेल का?*
घरची भाषा बंद करण्याची गरज नाही. ज्या भाषेत तुम्ही मोकळेपणाने बोलता, त्याच भाषेत मुलाला गोष्टी सांगा आणि दिवसभरात काय शिकला ते विचारा. समज आधी घरच्या भाषेत येते, मग ती शाळेच्या भाषेत मांडता येते.

*शिष्यवृत्ती मंजूर झाली, पैसे आले नाहीत.*
तीन गोष्टी तपासा: खाते आधारशी जोडले आहे का, खाते वापराअभावी बंद पडले आहे का, आणि पोर्टलवर अर्जाची स्थिती शाळा किंवा जिल्हा पातळीवर अडकली आहे का. स्थितीचा प्रिंट घेऊन शाळेच्या नोडल शिक्षकांना भेटा आणि लेखी अर्जाची पोच घ्या.

*मूल अभ्यासात साधारण आहे. शिष्यवृत्ती मिळणार नाही. मग?*
जेवण, मोफत शाळा, सायकल आणि कामगार मंडळाच्या अनेक योजनांसाठी हुशारीची स्पर्धा नाही. साधारण गुणांच्या मुलानेही दहावी पूर्ण करावी, यासाठीच त्या आहेत.

सूचना: योजनांच्या रकमा, मर्यादा आणि मुदती वेळोवेळी बदलतात. अर्ज करण्याआधी संबंधित सरकारी पोर्टलवर किंवा शाळेत चालू वर्षाची माहिती तपासा. अर्जाचा फॉर्म मोफत असतो. चॉइस सेंटरवर ठरलेले सेवाशुल्कच द्या आणि पावती मागा.